अठराव्या वर्षी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची डिग्री अप्रेंटिसशिप: लेकीला जाऊ द्यावं का?

सईची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात, मिल्टन कीन्सजवळ राहतो. लेक यंदा इयर १३ला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणित, भूगोल आणि अर्थशास्त्र हे तिचे ए लेव्हलचे विषय. गेल्या वर्षापर्यंत सिव्हिल इंजिनिअरिंग ठरल्यासारखंच होतं. उन्हाळ्यात शाळेतर्फे आठवडाभर एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात जाऊन आली आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय: प्रोजेक्ट मॅनेजमेंटची डिग्री अप्रेंटिसशिपच करायची. चार वर्षं नोकरी, सोबत पदवी, फी आपल्याला पडत नाही आणि वर पगार.

ऐकायला छानच वाटतं, पण घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, अठराव्या वर्षी कसलं मॅनेजमेंट, हिचं ऐकणार कोण? सासूबाई साताऱ्याहून फोनवर विचारतात, "म्हणजे पोरगी कॉलेजला जाणारच नाही का गं?" त्यांना काय सांगावं तेच कळेना.

ही पदवी खरी असते का? उद्या क्षेत्र बदलावंसं वाटलं तर ती अडकून पडेल का? आणि मुळात हे काम इतक्या लहान वयात शिकता येतं का? ज्यांनी केलंय किंवा ज्यांच्या मुलांनी केलंय, त्यांनी मोकळेपणाने लिहा. आमचे अर्ज याच महिन्या-दोन महिन्यांत जायचे आहेत.

टेम्सकाठी
पदवी शंभर टक्के खरी. विद्यापीठच देतं आणि प्रमाणपत्रावर बीए किंवा बीएससीच लिहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ पासून आहेत. प्रोजेक्ट मॅनेजरची लेव्हल ६ म्हणजे पदवीच्या पातळीची, आणि असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजरची लेव्हल ४, ती पदवीच्या अलीकडची. जाहिरातीत दोन्हींना सर्रास "प्रोजेक्ट मॅनेजमेंट अप्रेंटिसशिप" म्हणतात, तेव्हा लेव्हल आधी बघा.

माधव_रीडिंग
एकोणीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून जरा कडू बोलतो.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा पहिला धंदा असू नये असं माझं मत आहे. आधी माणसाने स्वतः काहीतरी करायला शिकावं: पूल बांधा, सॉफ्टवेअर लिहा, हिशेब करा. मग दुसऱ्यांकडून करवून घ्या. मी सात वर्षं कोड लिहिला आणि नंतर प्रोजेक्ट हातात घेतले. एखादा डेव्हलपर "दोन दिवसांत देतो" म्हणाला की त्याच्या आवाजावरून मला कळतं, दोन दिवस म्हणजे सहा. हे पुस्तकातून येत नाही. विशीतल्या पोराला गँट चार्ट, म्हणजे कामांच्या पट्ट्यांचं वेळापत्रक, काढता येईल, पण त्या चार्टमधली कुठली पट्टी खोटी आहे हे त्याला दिसणार नाही.

माझा सल्ला: सिव्हिल करू द्या. प्रोजेक्ट मॅनेजमेंट कुठे पळून जात नाही.

अबोली_लीड्स
माधवशी बरीचशी सहमत. फक्त "नंतर बघू" म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. आधी साधी पदवी आणि मग कंपनी शिक्षणासाठी जी लेव्ही (कर) भरते तिच्यातून लेव्हल ७ची, म्हणजे मास्टर्सच्या पातळीची अप्रेंटिसशिप, असा बेत बरेच जण करतात. जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ला सरकारी पैसा बहुतांशी १६ ते २१ वयाच्या नव्या उमेदवारांसाठी आहे. पदवी होईपर्यंत मूल बहुधा त्या वयाच्या पुढे गेलेलं असतं.

निषाद२४
मी सध्या हेच करतोय, तिसरं वर्ष चालू आहे, मिडलँड्समध्ये एका मोठ्या बांधकाम कंपनीत. अकरा वर्षांचा असताना इथे आलो, त्यामुळे माझं मराठी लिहिणं सांभाळून घ्या.

माधवकाका म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. पहिले सहा महिने मी काहीही "मॅनेज" केलं नाही. मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, लिहायचो. नंतर ॲक्शन लॉग माझ्याकडे आला: कोणी काय करायचं कबूल केलंय, कधीपर्यंत, आणि झालं का. ऐकायला कारकुनी वाटते, पण खरी शाळा तीच होती. दर गुरुवारी पंधरा-वीस जणांना फोन करून "ते झालं का?" विचारायचं. त्यातले बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे. कोण पहिल्याच फोनला खरं सांगतो, कोण "ऑलमोस्ट डन" म्हणतो, आणि कोणाच्या "ऑलमोस्ट"ला तीन आठवडे लागतात, हे मला चार महिन्यांत पाठ झालं. काका, खोटी पट्टी ओळखायला मी इथेच शिकलो. अजून तुमच्याइतकी ओळखता येत नाही, पण कॉलेजात बसून तेवढीही आली नसती.

एक प्रसंग सांगतो. एका इमारतीचा तळमजल्याचा स्लॅब ओतायचा होता. काँक्रीटचे ट्रक सकाळी साडेसातपासून बुक होते, पंप बुक होता. आदल्या दिवशी दुपारी मी रिस्क रजिस्टर, म्हणजे काय काय बिघडू शकतं त्याची यादी, चाळत होतो. एका ओळीत लिहिलं होतं, "ड्रेनेज पाइपची प्रेशर टेस्ट ओतण्याआधी पूर्ण हवी." समोर जबाबदार माणसाचं नाव होतं, पण तारीख रिकामी. मी त्याला फोन केला, तर तो सुट्टीवर, आणि टेस्ट झालेलीच नव्हती. म्हणजे सकाळी काँक्रीट पडलं असतं आणि खाली न तपासलेला पाइप कायमचा गाडला गेला असता. मी धावत साइट मॅनेजरकडे गेलो. त्याने दुसरा माणूस बोलावला, संध्याकाळी सहाला टेस्ट झाली, एक सांधा गळत होता तो बदलला, आणि सकाळी साडेसातला ट्रक आले. मला कोणी हारतुरे घातले नाहीत. पण त्या दिवशी कळलं की रिकामी तारीख म्हणजे काय.

सईची_आई
निषाद, अंगावर काटा आला वाचताना. सईला आत्ताच वाचून दाखवलं.

माधव_रीडिंग
निषाद, पाइपचा किस्सा उत्तम. असा पोरगा माझ्या टीममध्ये हवा. एक प्रश्न: विद्यापीठात शिकवलेल्याचा या सगळ्यात उपयोग किती?

निषाद२४
काका, पहिल्या वर्षी वाटायचं की शून्य. आता वाटतं बराच. आमचं ब्लॉक रिलीज आहे, म्हणजे वर्षातून काही आठवडे सलग विद्यापीठात, बाकी वेळ कामावर. काही ठिकाणी डे रिलीज असतं, आठवड्यातला एक दिवस. गेल्या ब्लॉकमध्ये अर्न्ड व्हॅल्यू (झालेल्या कामाची किंमत) शिकलो आणि परत आल्यावर साइटवरचा मासिक रिपोर्ट पहिल्यांदा नीट वाचता आला. तोवर नुसतेच आकडे होते.

गणपुले_मास्तर
अर्न्ड व्हॅल्यू निघालंच आहे तर दोन ओळी लिहितो, पालकांनाही कळेल मुलं काय शिकतात ते.

समजा काम १० आठवड्यांचं आणि बजेट १,००,००० पौंड. पाच आठवडे झाले. ठरल्याप्रमाणे ५०,००० पौंडांचं काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात ४० टक्केच झालं, म्हणजे झालेल्या कामाची किंमत ४०,०००. खर्च झाला ४५,०००. नुसता खर्च बघणारा खूश होईल: पन्नास हजार उडायचे होते, पंचेचाळीसच गेले! खरं काय? ४०,००० भागिले ४५,००० म्हणजे साधारण ०.८९. प्रत्येक पौंडामागे ८९ पेन्सचंच काम पदरात पडतंय. वेळेच्या बाजूने ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. हीच गती राहिली तर शेवटचा खर्च १,००,००० भागिले ०.८९, म्हणजे १,१२,५०० पौंडांच्या आसपास.

हे पाचव्या आठवड्यात कळणं आणि नवव्या आठवड्यात कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि "४० टक्के झालं" हा आकडा खरा असायला हवा, तो मिळतो निषादच्या गुरुवारच्या फोनांतून. गणित सोपं आहे, आकडा मिळवणं अवघड.

बंड्या_ब्रिस्टलकर
मास्तर, पन्नाशीत पहिल्यांदा भागाकार आवडला!

टेम्सकाठी
लंडनच्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाचं हेच झालं नव्हतं का? डिसेंबर २०१८ ला सुरू होणार म्हणून अगदी शेवटच्या काही महिन्यांपर्यंत सांगत होते, आणि मग ऑगस्टमध्ये जाहीर केलं की होत नाही. प्रत्यक्षात सुरू झाली २४ मे २०२२ ला. बोगदे कधीच खोदून झाले होते. घोडं अडलं स्टेशनांची कामं पुरी करण्यात आणि सिग्नलिंगमध्ये. एकाच गाडीला तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांतून जायचं होतं.

माधव_रीडिंग
आणि म्हणूनच मी म्हणतो की तांत्रिक पाया हवा. बोगदा दिसतो, सॉफ्टवेअरचं टेस्टिंग दिसत नाही. ज्याला सिग्नलिंग कळत नाही त्याला "९० टक्के झालं" म्हणून कोणीही गंडवेल.

अबोली_लीड्स
पण माधव, तिथे अनुभवी इंजिनिअर काय कमी होते का? सिडनी ऑपेरा हाउस घ्या. १९६३ ला व्हायचं ते १९७३ ला झालं, ७० लाख डॉलरचे १० कोटींच्या वर गेले. डिझाइन पुरं व्हायच्या आत बांधकाम सुरू केलं होतं, कारण राजकारण्यांना घाई. वाईट बातमी वेळेवर वर पोचवणं हे वेगळंच कौशल्य आहे, आणि ते तंत्रज्ञान कळणाऱ्यांनाही आपोआप येत नाही. विशीतल्या मुलीला कोणी ते पहिल्यापासून शिकवणार असेल तर मला आनंदच आहे.

माधव_रीडिंग
हा मुद्दा मान्य.

चिंचवडचा_फिटर
इथे भारतातून लिहितोय, जरा विषयांतर. तुम्ही सगळे अप्रेंटिसशिप, अप्रेंटिसशिप म्हणताय, पण आपल्याकडे याला जुना सुंदर शब्द आहे: उमेदवारी. वकिलाकडे उमेदवारी, डॉक्टरकडे उमेदवारी, प्रेसमध्ये उमेदवारी. आता उमेदवार म्हटलं की निवडणूकच आठवते, पण मूळ फारसी उम्मेद, म्हणजे आशा. आशा धरून दारात उभा राहिलेला तो उमेदवार. मी आयटीआय करून १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात लागलो, तेव्हा माझ्या कागदावर "शिकाऊ उमेदवार" असंच छापलेलं होतं. पहिले तीन महिने मला फक्त कानस चालवायला दिली होती, एकच लोखंडी ठोकळा काटकोनात आणायचा. उस्ताद रोज गुण्या लावून बघायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायला सांगायचा. राग यायचा. पण आज चाळीस वर्षांनी ठोकळा हातात घेतला की उजेड दिसणार की नाही हे बोटांना कळतं.

आता आपल्याकडेही यूजीसीने पदवीत अप्रेंटिसशिप बसवायच्या मार्गदर्शक सूचना दिल्यात, २०२० पासून. सईच्या आज्जीला सांगा, पोरगी उमेदवारी करतेय. त्यांना लगेच कळेल.

सईची_आई
दादा, सकाळी फोन केला आणि हाच शब्द वापरला. सासूबाई म्हणाल्या, "अगं मग असं सांग ना. तुझ्या सासऱ्यांनी कोर्टात दोन वर्षं उमेदवारीच केली होती." एक गड सर झाला. नवरा बाकी आहे.

मनवा_एम
माझा अनुभव कडवट आहे, पण धाग्यात तोही असावा.

माझा मुलगा २०२३ मध्ये अशाच डिग्री अप्रेंटिसशिपला लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही. तेव्हाचा नियम होता, कामाच्या वेळातले आठवड्याला किमान सहा तास शिक्षणाला मिळालेच पाहिजेत. कागदावर मिळत होते. प्रत्यक्षात त्याच्या मॅनेजरला तो "स्वस्तातला हात" वाटायचा. दर बुधवारी अभ्यासाचा अर्धा दिवस, आणि दर बुधवारीच काहीतरी तातडीचं निघायचं. पोरगा लाजेने बोलायचा नाही. असाइनमेंट रात्री एक-दीडपर्यंत जागून लिहायचा. त्यातून दीड वर्षात तीन मॅनेजर बदलले, आणि प्रत्येकाला हा कशासाठी आहे ते नव्याने सांगावं लागायचं. शेवटी सोडलं. आता तो साध्या पदवीला आहे, आनंदात आहे, पण ते दीड वर्ष आठवलं की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. मी त्याला वेळीच विचारायला हवं होतं.

विद्यापीठाचं नाव बघून भुलू नका. मुलाचा लाइन मॅनेजर कोण आहे आणि त्याने याआधी अप्रेंटिस सांभाळलाय का, ते बघा.

निषाद२४
मनवामावशी, वाचून फार वाईट वाटलं. आमच्या बॅचमधल्या दोघांचं असंच झालं. मी वाचलो कारण माझी मॅनेजर स्वतः अशीच शिकून आलेली आहे. तिने माझा अभ्यासाचा वेळ सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये "साइटवर नाही" म्हणून टाकलाय.

अबोली_लीड्स
यावर कागदोपत्री हत्यारं आहेत, ती वापरावीत. सुरुवातीला मालक, विद्यापीठ आणि उमेदवार तिघांच्या सहीचा ट्रेनिंग प्लॅन होतो, त्यात हे तास लिहिलेले असतात. ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक अप्रेंटिसशिपला स्वतःचे किमान तास ठरवून दिलेत. तास बुडायला लागले की पहिल्याच महिन्यात विद्यापीठाच्या ट्यूटरला लेखी कळवायचं. आणि रिडंडन्सी आली, म्हणजे कंपनीने ती जागाच रद्द केली, तर नवा मालक शोधायला १२ आठवडे मिळतात, तोवर शिक्षण चालू ठेवता येतं.

गौरी_स्लाउ
पैशाचं कोणी नीट सांगेल का? आमचे चिरंजीव पुढच्या वर्षी त्याच रांगेत.

टेम्सकाठी
सांगतो. साध्या पदवीची २०२५-२६ ची फी वर्षाला कमाल ९,५३५ पौंड होती, आणि राहण्या-खाण्याचं कर्ज वेगळं. इंग्लंडमधल्या आताच्या मुलांचं हे कर्ज २५,००० पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर ९ टक्क्यांनी कापलं जातं, ४० वर्षांपर्यंत. अप्रेंटिसला फीचा एक पेनीही द्यावा लागत नाही, तसा नियमच आहे. मात्र त्याला स्टुडंट लोनही मिळत नाही, म्हणजे घरभाडं पगारातून. ज्या कंपन्यांचा पगाराचा एकूण खर्च वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर आहे त्या २०१७ पासून वरच्या रकमेवर अर्धा टक्का लेव्ही भरतात, शिक्षणाचा पैसा तिथून येतो.

पगार कंपनीगणिक वेगळा. कायद्याने अप्रेंटिसचा किमान दर एप्रिल २०२५ पासून वर्षभर ताशी ७.५५ पौंड होता. १९ पूर्ण असेल आणि पहिलं वर्ष संपलं असेल तर वयाप्रमाणे नेहमीचा किमान दर द्यावा लागतो. पदवीच्या जागांना बऱ्याच कंपन्या याहून जास्त देतात, पण गृहीत धरू नका. आणि ऑफिस कुठे आहे ते बघा. घरून जाता आलं तर निम्मी लढाई जिंकली.

श्री_कॉव्हेंट्री
आम्ही डिपेंडंट व्हिसावर आहोत. चालेल का?

अबोली_लीड्स
श्री, काम करण्याची परवानगी हवी आणि साधारणपणे मागची तीन वर्षं इथे कायदेशीर वास्तव्य हवं. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना हा मार्ग नाही. गव्हर्नमेंटच्या फंडिंग रूल्समध्ये सविस्तर यादी आहे, अर्जाआधी कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. आणि हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडमध्ये ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप नावाची वेगळी योजना आहे.

बंड्या_ब्रिस्टलकर
मूळ प्रश्नातलं "अडकून पडेल का" राहिलंच. माझी पुतणी लेव्हल ४ करून आता एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सिस्टिमच्या प्रोजेक्टवर आहे. शिकली होती रेल्वेत. रेल्वेतून इस्पितळात! रिस्क रजिस्टर दोन्हीकडे सारखंच, म्हणते ती. लेव्हल ४ करता करता एपीएम या ब्रिटनमधल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेची पीएमक्यू परीक्षाही दिली, तिचा नवीन नोकरीत उपयोग झाला.

माधव_रीडिंग
बंड्याभाऊंना दुजोरा. अमेरिकन पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्राला पदवीधराकडून ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव मागतात, पदवी नसेल तर ६०. डिग्री अप्रेंटिसकडे पदवीही असेल आणि अनुभवाची सुरुवातही. पुढे एपीएमचा चार्टर्ड दर्जाही मिळवता येतो. दारं बंद होत नाहीत.

चार दिवस विचार केला. मी माझं मत थोडं बदलतो. एकच अट घालीन: सईने अशी कंपनी निवडावी जिथे तिला ऑफिसात नाही, साइटवर किंवा टीममध्ये बसवतील. भूगोल आणि गणित आहे, बांधकामाची ओढ आहे. काँक्रीट कसं ओततात हे तिने चिखलात उभं राहून बघावं. तसं होणार असेल तर तांत्रिक पायाचा माझा आक्षेप बराच निकालात निघतो.

सईची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी एका कंपनीच्या माहितीच्या कार्यक्रमाला तिघं गेलो होतो. तुमच्या प्रतिसादांतून मी प्रश्न लिहून नेले होते. अभ्यासाच्या दिवशी तातडीचं काम निघालं तर काय करता, असं विचारल्यावर एचआरच्या बाईंनी गोलगोल उत्तर दिलं. पण मागच्या टेबलावर दुसऱ्या वर्षाची एक अप्रेंटिस बसली होती. तिने फोन काढून स्वतःचं कॅलेंडर दाखवलं: आठ बुधवार, आठही अभ्यासाचे, एक हललेला आणि तो शुक्रवारी भरून दिलेला. नवरा बाजूलाच उभा होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "अर्ज करू दे." यूकासचे (विद्यापीठ प्रवेशाच्या अर्जाचे) पाच पर्यायही भरतोय, त्यात सिव्हिल आहेच. दोन्ही एकदम चालतं, असं तिथे सांगितलं.

आता सई अर्जातल्या एका प्रश्नावर अडली आहे: तुम्ही आखलेलं आणि पार पाडलेलं एखादं काम सांगा. ती म्हणते, माझ्याकडे काहीच नाही. मी म्हटलं, मंडळाच्या गणपतीत १४० माणसांच्या प्रसादाची पाळी कोणी लावली होती? निषाद, हे चालेल का रे?

निषाद२४
मावशी, धावेल! पण "मी गणपतीत मदत केली" असं लिहू नको म्हणावं. किती स्वयंसेवक होते, कोणाला काय दिलं होतं, आणि काय बिघडलं ते लिही. काहीतरी बिघडलं असेलच ना?

सईची_आई
सई इथेच बसली आहे, तिच्याच शब्दांत टाइप करते: "शिरा करणाऱ्या काकू आजारी पडल्या, सकाळी सातला कळलं. मी पाच जणींना फोन केले. दोघींनी निम्मा-निम्मा केला. एकीने वेलची जास्त घातली, म्हणून दोन्ही एकत्र केले. आरती साडेबाराला होती, प्रसाद बारा वाजून दहा मिनिटांनी तयार होता."

निषाद२४
हेच लिही, असंच. साडेबारा आणि बारा-दहा हे दोन्ही आकडे ठेव. आणि सातला कळल्यावर पहिला फोन कोणाला केलास आणि त्यांनाच का, तेही लिही. माझ्या मुलाखतीत नेमकं हेच विचारलं होतं.